चित्रात खोटं चालत नाही

बाईंना बोलकी माणसं आवडत नसत, आणि त्या शिक्षिका होत्या. शाळेत घंटेपासून हेडमास्तरांपर्यंत सगळेच दिवसभर आवाज करत असतात. तिथे त्यांनी उभी हयात कशी काढली, याचं मला नेहमी नवल वाटायचं. समोरच्याने एकाच गोष्टीवर तिसरं वाक्य सुरू केलं की बाई डोळे मिटून घेत. डोळ्यात धूळ गेली की आपण मिटतो, तसे. बोलणारा गांगरून थांबला की त्या डोळे उघडत आणि म्हणत, "हं. आता दाखव."

आमची शाळा गोव्यातल्या चोपड्याजवळ, नदीच्या अंगाला. मराठी प्राथमिक, कौलारू, मागे काजूची झाडं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. बाई डिचोलीच्या. रोज स्कूटरवरून म्हापसा करत, शिवोलीचा पूल ओलांडून यायच्या. ज्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने शिकवून कळत नाही, त्यांच्यासाठी त्यांची नेमणूक होती. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती.

पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला तागाची मोठी पिशवी होती आणि पिशवीत कागदावर प्लास्टिक चढवायचं यंत्र. हेडमास्तरांना नमस्कार करून त्या सरळ बाहेर पडल्या आणि मोबाईलवर फोटो काढत शाळाभर फिरू लागल्या. नळाचा फोटो. संडासाच्या दाराचा. वर्गातल्या कदेलीचा म्हणजे खुर्चीचा, जनेलाचा म्हणजे खिडकीचा, मधल्या सुट्टीत पावभाजी येते त्या डब्याचा. हेडमास्तरांचा समज झाला की वरून गुपचूप तपासणी आली. त्यांनी शिपायाला पिटाळून घाईघाईने जळमटं काढून घेतली, तर बाईंनी हातात केरसुणी घेतलेल्या शिपायाचाही फोटो काढला.

तो आठवडा संपायच्या आत शाळेचा चेहरा बदलला. नळावर नळाचा फोटो, त्याखाली हात धुण्याची चार चित्रं. चपला काढायच्या जागी चपलांचा फोटो. बाईंच्या खोलीत सतत गरम प्लास्टिकचा वास. बाजारात अशी चित्रं छापील मिळतात, शाळेतही एक जुना संच पडून होता. मी तो उत्साहाने त्यांना नेऊन दिला. त्यात न्याहारी म्हणून चौकोनी ब्रेड आणि काचेच्या ग्लासात दूध होतं.

"ही न्याहारी कोणाची गो?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे… सगळ्यांचीच की."

"आमच्या एका तरी पोराच्या घरात असा पाव येतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला पुलाच्या तोंडाशी अडवलं, त्याच्या टोपलीतला गरम उंडो हातात घेऊन त्याचा फोटो काढला आणि मग तोच खात शाळेत आल्या. न्याहारीचं चित्र म्हणून तो गोल, चिरलेला उंडो भिंतीवर चढला. "मुलाला नळ म्हणजे हाच नळ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या नळाचं चित्र दाखवलंस तर तो बिचारा तो नळ शोधत बसेल."

बाईंच्या साड्या वारावर ठरलेल्या होत्या. सोमवारी हिरवी, मंगळवारी तांबडी, बुधवारी पांढरी, गुरुवारी पिवळी, शुक्रवारी निळी. स्टाफरूममध्ये याच्यावर बरीच चर्चा झाली होती. कोणी म्हणे ग्रहांचं काहीतरी आहे, कोणी म्हणे नवस. बाईंना विचारायची कोणाची छाती नव्हती. माझं लग्न शुक्रवारी होतं. हॉलमध्ये सगळीकडे रेशमी जरीकाठ, आणि त्यात बाई आपली धुऊन धुऊन विटलेली निळी सुती साडी नेसून अक्षता टाकायला उभ्या. आहेराचं पाकीट हातात घेताना मी त्यांच्याकडे बघून हसले असणार, कारण त्या शांतपणे म्हणाल्या, "आज शुक्रवार ना गो?" माझ्या सासूबाईंनी नंतर हळूच मला विचारलं, "ह्या बाई बऱ्या आहेत ना?"

बऱ्या होत्या की नाही, हे हेडमास्तरांना विचारायला हवं होतं. हेडमास्तर स्वभावाने भले, पण बोलायला लागले की थांबायचं विसरत. एका मीटिंगमध्ये ते शिस्तीवर बोलत होते. शिस्तीवरून संस्कारांवर आले, संस्कारांवरून आपल्या वडिलांवर. तेवढ्यात बाईंनी पर्समधून एक लाल कार्ड काढून टेबलावर उभं धरलं. कार्डावर उघड्या पंजाचं चित्र, खाली लिहिलेलं 'थांब'. आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. हेडमास्तर थांबले. कार्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मुलांसाठी आहे ना, बाई?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या.

पुढे त्यांनी हेडमास्तरांचीही दोन कार्डं केली होती. एकात चष्मा नाकावर, एकात कपाळावर. चष्मा कपाळावर असेल तर सर रागावलेले आहेत, आज ऑफिसच्या बाजूला खेळायचं नाही. मुलांनी हे इतकं चटकन उचललं की व्हरांड्यातून सर येताना दिसले की आधी सगळी कपाळाकडे बघत. सरांना हे बऱ्याच उशिरा कळलं. ते चिडले, आणि चिडताना त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

तन्वी माझ्या वर्गात आली ती कागदपत्रांवर 'स्वमग्न' असा शिक्का घेऊन. बाईंना तो शब्द आवडत नसे. "मग्न बिग्न काही नाही. ती सगळं बघते. आपल्यापेक्षा जास्तच बघते, म्हणून थकते." तन्वी फार थोडं बोलायची, बोलली तर एखादा शब्द. घंटा झाली की कानांवर हात दाबून बेंचाखाली शिरायची आणि मग कशानेही बाहेर यायची नाही. बळेच ओढलं तर स्वतःच्याच मनगटाला चावायची. तिथे घट्टा पडला होता. मी तिला समजावत असे. किती समजावत असे! "तन्वी, बाळा, बघ, सगळी मुलं कशी बसली आहेत, तू पण ये, मग आपण गोष्ट वाचू, गोष्ट आवडते ना तुला, मग ये बघू, अशी रडतात का?" वगैरे.

एक दिवस बाई दारातून हे ऐकत उभ्या होत्या. त्या आत आल्या, पदर खोचला आणि कडक इस्त्रीच्या पिवळ्या साडीनिशी सरळ बेंचाखाली जाऊन तन्वीच्या शेजारी आडव्या झाल्या. काही बोलल्या नाहीत. हेडमास्तर फेरीवर आले तेव्हा त्यांना बेंचाखालून बाहेर आलेले दोन छोटे आणि दोन मोठे पाय दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? ते तसेच पुढे गेले.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, धूळ झटकली आणि मला म्हणाल्या, "तू बोलतेस ते तिला खालून कसं ऐकू येतं, ठाऊक आहे? लग्नात लाऊडस्पीकर लावतात ना, तसं. घंटेने आधीच बिचारीचं डोकं फुटलेलं असतं. त्यात तू."

मला राग आला. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. बाई जरा मऊ झाल्या. "एक दाखव आणि गप्प राहा. तिला वेळ लागतो. तू गप्प राहिलीस तरच तो वेळ तिला मिळेल."

दुसऱ्या दिवसापासून शिपायाला हुकूम झाला. घंटा मारायच्या आधी त्याने घंटेचं चित्र घेऊन आमच्या वर्गात यायचं, तन्वीला दाखवायचं आणि मगच जाऊन टोल द्यायचा. शिपाई कुरकुरला, "ह्या चेडवाक विचारून आता मी घंटा मारूची?" पण तो येऊ लागला. तन्वी चित्र बघायची, कानांवर हात ठेवायची आणि बसून राहायची. बेंचाखाली जाणं हळूहळू थांबलं. पुढे पुढे शिपायालाच सवय लागली. तन्वी गैरहजर असली तरी तो चित्र घेऊन दाराशी यायचा आणि ओशाळून परत जायचा.

मग तन्वीच्या बेंचावर एक पट्टी आली. लांबट पुठ्ठा, त्यावर ओळीने दिवसाची चित्रं: प्रार्थना, गणित, पावभाजी, झोपाळा, गोष्ट, घर. प्रत्येक चित्र चिकटपट्टीवर बसवलेलं. एकेक काम झालं की तन्वीने ते चित्र उपसून काढायचं. उपसताना चर्रर्र असा आवाज व्हायचा, आणि हा एकच आवाज असा होता की जो तन्वीला मनापासून आवडायचा. बाकीची मुलं मागे लागली, "टीचर, आम्हांला पण चर्रर्र पाहिजे." शेवटी सगळ्या वर्गासाठी भिंतीवर एक मोठी पट्टी लावावी लागली. खरं सांगते, माझा वर्ग इतका शांत कधीच नव्हता. पुढे काय आहे हे माहीत असलं की मुलं निम्मी निवांत होतात, हे मला बाईंमुळे कळलं.

पट्टीत अधूनमधून एक केशरी कार्ड असे. त्यावर फक्त एक वळलेला बाण. ते 'बदल'चं कार्ड. ते लागलं की त्या दिवशी काहीतरी ठरल्यापेक्षा वेगळं होणार. सुरुवातीला बाई मुद्दाम गोड बदल करायच्या. गणिताच्या जागी झोपाळा. कधी पावभाजीबरोबर लाडू. मी म्हटलं, लाड कशाला? त्या म्हणाल्या, "आधी बदल चांगला असतो हे कळू दे तिला. वाईट बदल काय, न मागता येतात."

तसा तो आला. त्या वर्षी आमची सहल तेरेखोलच्या किल्ल्यावर ठरली. केरीपर्यंत बस, तिथून फेरीबोटीने नदी ओलांडायची. तन्वीला नेऊ नये असं हेडमास्तरांचं मत होतं. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, तन्वीची पट्टी तयार करून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. पट्टीत सगळं होतं: बस, फेरी, किल्ला, डबा, फेरी, बस, घर. फेरीचा फोटो काढायला बाई आदल्या रविवारी स्कूटरवरून केरीला जाऊन आल्या होत्या. हेडमास्तरांनी पट्टी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "जबाबदारी तुमची."

तन्वी फेरीच्या चित्रावर जीव लावून बसली. सगळी सकाळ बसमध्ये तिचं बोट त्याच्यावर होतं. केरीला उतरलो तर फेरी पलीकडच्या काठाला बांधलेली. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, "आता जमचें ना, बाय. सुकती लागली. फेरी रेवेंत रुतता." ओहोटी होती. आम्ही वेळ विचारून आलो नव्हतो.

तन्वीने चित्राकडे बघितलं, नदीकडे बघितलं, परत चित्राकडे. मग ती किंचाळली. ती किंकाळी मी आजही विसरलेले नाही. धक्क्याच्या ओल्या उतारावर तिने अंग टाकलं, डोकं आपटायला लागली. मी धावले तर माझ्या हाताला चावली. मुलं रडवेली झाली. फिरायला आलेली मंडळी जमली आणि त्यातल्या कोणीतरी मोबाईल वर धरला. हेडमास्तर पुढे झाले, आपली काळी छत्री उघडली आणि मोबाईलच्या आणि तन्वीच्या मध्ये उभे राहिले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. ते छत्री धरून गप्प उभे होते. मला त्या दिवशी ते फार मोठे वाटले.

बाई चिखलात बसल्या होत्या. आपली मांडी त्यांनी तन्वीच्या डोक्याखाली सरकवली होती, म्हणजे डोकं मांडीवर आपटेल, दगडावर नाही. एक अक्षर बोलत नव्हत्या. किंकाळी जरा उतरली तशी त्यांनी मला खूण केली आणि मी धक्क्यावरच्या त्या माणसाला बोलावून आणलं.

"भरती केव्हा? फेरी केव्हा चालू होईल?"

"दनपारां. जेवणां जातकच."

"दुपारी, जेवणं झाल्यावर? नक्की?"

"नक्की गे बाय," तो हसत म्हणाला.

"परत सांगा. कारण हे मी चित्रात घालणार. तोंडाने बोललेलं फिरवता येतं. चित्रात खोटं चालत नाही."

तो हसायचा थांबला. नदीकडे नीट बघून म्हणाला, "घाला. भरती येतली."

बाईंनी केशरी कार्ड काढलं आणि तन्वीला दिसेल असं धरलं. मग मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने काढलं: फेरी, तिच्यावर फुली. बाण. बस. बाण. किल्ला. डबा. आणि मग परत फेरी, यावेळी फुली नसलेली. बस्स. कार्ड तन्वीसमोर धरून त्या थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. किती वेळ गेला कोण जाणे. तन्वीचा श्वास हुंदक्यांवर आला, मग साधा झाला. तिने कार्ड हातात घेतलं, शेवटच्या फेरीवर बोट ठेवलं, आणि उठून बसच्या दिशेने चालू लागली.

आरोंद्यावरून लांबचा फेरा मारून आम्ही किल्ल्यावर गेलो. किल्ल्यात काय बघितलं ते आज कोणालाही आठवत नसेल. परतताना फेरी आली होती. तन्वी कठड्याला हनुवटी टेकून पाण्याकडे बघत उभी राहिली. उतरायची वेळ झाली तेव्हा तिने स्वतः पट्टीवरून फेरीचं चित्र उपसून बाईंच्या हातात दिलं.

पण मोबाईलमध्ये फक्त किंकाळी गेली होती. छत्री मध्ये यायच्या आधीची. ती इकडून तिकडे फिरत तन्वीच्या बाबांपर्यंत पोचली, आणि ते शाळेत आले.

ते मूळचे सिंधुदुर्गातले, दोडामार्गकडचे. बरीच वर्षं डिचोलीच्या खाणींवर मातीचे ट्रक चालवले. खाणी बंद पडल्यावर इकडे पाण्याच्या टँकरवर लागले. उंच, रापलेला माणूस. स्टाफरूमच्या दारातच उभे राहून म्हणाले, "माज्या चेडवाचो तमाशो केलास तुमी. सगळ्या गावान बघलो. आता ता घरीच ऱ्हवांदे. तुमची चित्रां तुमका लखलाभ."

हेडमास्तर बोलायला गेले. मी बोलायला गेले, चावलेल्या हाताची पट्टी लपवत. बाईंनी आम्हां दोघांना हाताने थांबवलं.

"रविवारी डिचोलीला माझ्या घरी या," त्या म्हणाल्या. "तन्वीला घेऊन या. मग तुम्हांला वाटलं तर काढा नाव."

"घरी येवन काय होताला?"

"बोलून सांगता येत नाही."

मलाही त्यांनी बोलावलं होतं. तोवर आमच्यापैकी कोणीही बाईंच्या घरी गेलेलं नव्हतं. घर होतं डिचोली गावाच्या कडेला, खाणीकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. लाल धुळीचा रंग भिंतींत मुरलेला. मी पोचले तेव्हा तन्वीचे बाबा फाटकाशीच उभे होते. एका हातात तन्वीचा हात. ते आत जातच नव्हते. रस्त्याकडच्या जनेलाकडे बघत होते.

जनेलात एक माणूस उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, केस पिकू लागलेले, गज धरून.

"ह्यो… ह्यो थंयच असा अजून?" ते स्वतःशीच बोलले. मग माझ्याकडे वळले. "टीचर, ह्या माणसाक आमी सगळे ड्रायव्हर वळखू. ह्या जनेलात उभो ऱ्हवून हात करी. तेका हॉर्न मारल्याशिवाय कोण फुडे जाय नाय होतो. सकाळच्या फेरयेक तेचो हात दिसलो काय दिवस बरो जाय, असा म्हणत आमी."

आणि त्यांनी हात वर केला. केबिनमधून बाहेर काढून करावा तसा, कोपरापासून. जनेलातला माणूस बघत राहिला. मग त्यानेही गजातून हात बाहेर काढला आणि तसाच वर केला.

तो बाईंचा धाकटा भाऊ. तन्वीसारखाच. त्याच्या लहानपणी अशा असण्याला काही नावच नव्हतं. लोक येडा म्हणत, आणि शाळेने एका वर्षात परत पाठवला होता. आई गेल्यावर बाईंनी त्याला सांभाळलं. घरभर चित्रं होती, काही नवी, काही पिवळी पडून कोपरे मुडपलेली. स्वयंपाकघराच्या दारावर वारांचा तक्ता होता, आणि त्यात अक्षरांऐवजी कापडाचे तुकडे चिकटवलेले: हिरवा, तांबडा, पांढरा, पिवळा, निळा. सकाळी बहीण कुठल्या रंगात दिसते यावरून त्याला वार कळे. आमच्या स्टाफरूममधले ग्रह आणि नवस मला आठवले आणि मी तिथून नजर काढून घेतली.

बाईंनी चहा केला, कपबशा समोर ठेवल्या आणि पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.

"ट्रक बंद झाले ना, तेव्हा सगळ्यांना कळलं का बंद झाले. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. चौकाचौकात लोक तेच बोलत होते. ह्याला कोणी सांगणार? हा आपला सकाळी उठून जनेलात. एक ट्रक नाही. दुपारी जेवायला येईना. संध्याकाळी गजांवर डोकं आपटायला लागला. मी त्याला ट्रकचं चित्र काढून त्याच्यावर फुली मारून दाखवलं. त्याने फाडून टाकलं. परत काढलं, परत फाडलं. कितीतरी दिवस हेच. अंगात काही राहिलं नव्हतं त्याच्या. मला वाटलं, जातो हा."

तन्वीचे बाबा कपबशी हातात धरून बसले होते. चहा प्यायले नव्हते.

"मग माझ्या लक्षात आलं. मी त्याला 'नाही' दाखवत होते. नाहीच्या पुढे काय, ते दाखवतच नव्हते. नुसतं 'नाही' घेऊन माणूस कुठे जाणार? मग मी ट्रकवर फुली काढली, पुढे बाण काढला, आणि बाणाच्या पुढे बस काढली. हाताला धरून बसस्टँडवर घेऊन गेले. रोज न्यायचे. पणजीची बस, म्हापशाची, साखळीची. बसवाल्यांना सांगून ठेवलं, हात करा ह्याला. करायला लागले."

त्यांनी आपला कप भरून घेतला.

"बदलाचं कार्ड तेव्हाचं. तोवर मी साध्या वर्गालाच शिकवायचे, हे शिकायला नंतर गेले. कोर्समध्ये ह्या सगळ्याला नावं होती."

बाबांनी कपबशी खाली ठेवली. "आमका पण तेवा कोणी सांगूक नाय फुडे काय ता," ते म्हणाले. "ट्रक दारात उभो करून मी वरीसभर रोज धुय होतंय."

तोवर तन्वी उठली होती. जनेलापाशी जाऊन ती बाईंच्या भावाच्या शेजारी उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. रस्त्यावरून एक बस गेली. दोघांनी हात वर केले.

निघताना बाबा बाईंना एवढंच म्हणाले, "फेरीचा ता चित्र घराकडे मिळात काय? तेच्या आयेक दाखवतंय." नाव काढायचा विषय परत निघाला नाही. पुढे त्यांनी टँकरच्या केबिनमध्ये आपली एक पट्टी लावली. घरातून निघताना तन्वीला ती दाखवून जात: विहीर, टँकर, हॉटेल, घर. बाबा कुठे आहेत हे तिला दिवसभर कळायला हवं म्हणून.

बाई निवृत्त झाल्या तो दिवस आता सांगते.

त्याची तयारी त्यांनी फार आधीपासून चालवली होती. भिंतीवर महिन्याचा तक्ता लावला. ज्या दिवसांपर्यंत त्या असणार त्या चौकोनांत त्यांचा फोटो, आणि त्यानंतरच्या चौकोनांत नव्या टीचरचा. नवी मुलगी तरुण होती, पेडण्याची. बाईंनी तिला आधीपासूनच येऊन वर्गात बसायला सांगितलं. आधी नुसती बसली. मग तिने चित्रं लावली. मग एक दिवस बाई मुद्दाम आल्या नाहीत आणि सगळं तिच्यावर सोपवलं. बाईंचा एकच हट्ट होता की त्या गेल्यावर एकही मूल कोलमडता कामा नये. "मी गेले म्हणून ती बेंचाखाली गेली, तर मी केलं काय इतकी वर्षं?"

हेडमास्तरांना निरोप समारंभ करायचा होता. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "मुलांच्या पट्टीवर नाही. नको." दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः वर्गात आले, हातात एक कार्ड घेऊन. शाल आणि नारळाचा फोटो. प्लास्टिक त्यांनी स्वतः चढवलं होतं, मध्ये मोठा फुगा राहिला होता. ते कार्ड त्यांनी शेवटच्या दिवसाच्या चौकोनात लावलं आणि म्हणाले, "आता आहे." बाईंनी फुग्यावरून बोट फिरवलं आणि हरकत घेतली नाही.

समारंभात एकही भाषण झालं नाही. हेडमास्तरांनी शाल घातली, नारळ दिला, नमस्कार केला आणि बाजूला झाले. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते आम्हांलाच ठाऊक. मुलांनी टाळ्यांऐवजी हात वर करून पंजे हलवले, कारण टाळ्यांचा आवाज तन्वीला सोसत नसे.

शाळा सुटायच्या वेळेला तन्वी आपणहून तक्त्यापाशी गेली. शेवटच्या चौकोनातला बाईंचा फोटो तिने चर्रर्र करून काढला. थोडा वेळ हातात धरला. मग संपलेल्या कामांची चित्रं ज्या टोपलीत टाकत, त्या टोपलीत टाकला. पुढच्या चौकोनातल्या नव्या टीचरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाली, "उद्या."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

तन्वी दप्तर घेऊन निघून गेली. मागे वळून बघितलं नाही, रडली नाही, बेंचाखाली गेली नाही. मनगटावरचा घट्टा केव्हाच निवला होता. बाबांचा टँकर फाटकाशी उभा होता, ती चढली आणि टँकर गेला.

मी बाईंबरोबर स्कूटरपर्यंत गेले. त्यांनी पिशवी पुढे ठेवली, किल्ली लावली, पण स्कूटर काही सुरू केली नाही. हँडल धरून नदीकडे बघत बसल्या. मी काही बोलले नाही. तेवढं मी शिकले होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले.

"इतकं पण नीट शिकवायला नको होतं गो मी," त्या म्हणाल्या, आणि स्कूटर चालू केली.